आण्णांचा नळ

मला बघायला येणारे लोक आधी माझ्या पायांकडे बघतात आणि मग स्वयंपाकघरातल्या फिल्टरकडे. चहा होईपर्यंत कसेबसे थांबतात. मग विचारतात, हा कुठला घेतलाय, बरा आहे का, आम्ही बसवावा का. एका बाईंनी तर मोबाईल काढून फिल्टरचा फोटो घेतला. मी वॉकर धरून तिथेच उभी होते आणि फोटोत येत होते, म्हणून मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. मला बाजूला व्हायला किती वेळ लागतो ते त्यांना तेव्हा कळलं.

प्रत्येकाला तेच तेच सांगून मी दमले आहे. ज्यांच्या घरात कुणी या आजाराने पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते. ज्यांच्या घरात अजून फिल्टरवरून नुसते वाद चाललेत, त्यांच्यासाठी थोडं जास्तच. आजाराचं शास्त्र मला कळत नाही. ते डॉक्टरांना विचारा.

माळ्यावरचं खोकं

आम्ही नागापूरला एमआयडीसीच्या मागच्या अंगाला राहतो. घरात पाच माणसं होती. माझे सासरे, ज्यांना सगळी कॉलनी आण्णा म्हणते. सासूबाई, ज्यांना मी आई म्हणायचे. माझा नवरा प्रदीप, तो कंपन्यांचा माल टेम्पोने पोचवतो. दुसरीतली मुलगी यशोधरा, म्हणजे यशू. आणि मी, सुजाता. एका वर्कशॉपमध्ये मी तयार पार्ट तपासते. पार्ट गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर परत. दिवसभर बोटांचंच काम.

दिवाळीला आमच्या वर्कशॉपने मिठाईऐवजी सगळ्यांना पाण्याचे फिल्टर वाटले. मी ते खोकं रिक्षात मांडीवर घेऊन आले. आईंना फार आनंद झाला. कॉलनीत पाणी एक दिवसाआड यायचं, ते टाकीत साठवायचं, आणि पहिल्या धारेला कधी कधी गढूळ असायचं. फिल्टर कुठे लावायचा ती जागासुद्धा त्यांनी पुसून ठेवली.

आण्णांनी मात्र प्लंबरला दारातूनच परत पाठवलं.

आण्णा वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते, कारण पुढे ते विसरायला होईल. आमचं मूळ गाव तिसगावच्या पुढे. तिथल्या विहिरीवर आण्णांच्या आईला पाणी शेंदायला मनाई होती. घागर घेऊन ती लांब उभी राहायची, आणि कुणाला दया आली तर ते वरून ओतायचं. लहानपणी आण्णा तिच्या पदराला धरून त्या उन्हात उभे राहिलेले. पुढे ते साखर कारखान्यात फिटर झाले, निवृत्त झाल्यावर हे घर बांधलं, आणि नळाचं कनेक्शन स्वतः उभं राहून जोडून घेतलं. पाहुणा आला की ते त्याला आधी नळाखाली ग्लास धरून पाणी देत. माठातलं नाही, नळाचं.

प्लंबर गेल्यावर ते मला म्हणाले, "जे पानी समद्यांच्या घरात जातं, तेच माझ्या घरात येतं. ते मी गाळून प्यायचं? म्हंजी परत येगळं बसायचं?"

मी जंतूंचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेपर वाचायला बसले. प्रदीप म्हणाला, जाऊ दे, पुढे बघू. खोकं माळ्यावर गेलं. दुसऱ्या दिवसापासून आण्णा सकाळी चौकात गेले की आई यशूपुरतं पाणी उकळून तिच्या बाटलीत भरायला लागल्या. तेवढाच गॅस चोरून जळत होता आमच्या घरात.

वास

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कसलीतरी खोदाई झाली. त्यानंतर एका सकाळी नळाला वास आला. गटाराचा म्हणावा तर तितका नाही, पण ओल्या फडक्यासारखा. मी हंडा ओतून दिला आणि थोड्या वेळाने परत भरला. दुसऱ्या हंड्याला वास कमी वाटला, किंवा मला कामावर जायची घाई होती.

आठवड्यात गल्लीतल्या निम्म्या घरांत जुलाब सुरू झाले. आमच्याकडे आधी प्रदीपला, मग मला, मग आईंना. यशूला काही झालं नाही. आण्णांनाही नाही, आणि ते आल्यागेल्याला ते सांगत होते. मी चार गोळ्या घेऊन बरी झाले. आईंना शुगर होती, त्यांचं थांबायचं आणि परत सुरू व्हायचं.

दुसऱ्या आठवड्यात मी कामावर होते आणि हातातून गेज पडला. उचलला, परत पडला. सुपरवायझरने विचारलं, जेवली नाहीस का. संध्याकाळी घरी येताना रिक्षातून उतरले तर पाय जमिनीवर टेकलाय की नाही ते कळेना. तळव्यांना मुंग्या आल्या होत्या आणि त्या जात नव्हत्या. सकाळी पलंगावरून उठले ती तशीच खाली बसले. मला वाटलं अशक्तपणा. प्रदीपला वाटलं अशक्तपणा. आण्णा म्हणाले, "नाचणी दे तिला."

हातोडी

प्रदीपने मला नगरच्या ज्या हॉस्पिटलात नेलं तिथल्या डॉक्टरबाई माझ्यापेक्षा लहान असाव्यात. त्यांनी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. मग कोपरावर. दर वेळी त्या थोडं थांबून बघायच्या, जणू उशिरा का होईना काहीतरी हलेल. काही हललं नाही. खिशात हातोडी ठेवताना त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला, आणि निदान मला तिथेच कळलं. नाव नंतर कळलं. गुलियन बारी. प्रदीपने त्यांना ते परत म्हणायला लावलं.

त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. जुलाबाच्या जंतूंशी लढता लढता माझ्या शरीराने स्वतःच्याच नसांवर हल्ला केला होता. पायांपासून सुरू झालंय, वर चढेल. किती वर ते सांगता येत नाही. बहुतेक लोक बरे होतात. "बहुतेक" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

मग विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

प्रदीप म्हणाला, "नळाचं."

"उकळून? फिल्टर?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणाले, "फिल्टर आहे. बसवलेला नाही." डॉक्टरबाईंनी मान खाली घातली आणि लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आतमध्ये

ते वर चढलं. मांड्या गेल्या, हात गेले, चेहरा एका बाजूने गेला, आणि मग एका दुपारी छाती उचलेना. मी प्रदीपला सांगायचा प्रयत्न करत होते की मला श्वास पुरत नाही, पण ते सांगायलाच श्वास लागतो. घशात नळी घातली. नंतर गळ्याला भोक पाडून तिथून घातली.

या आजारात डोकं जागं राहतं हे कुणी आधी सांगत नाही. आपण पूर्ण शुद्धीवर असतो. सगळं ऐकू येतं, सगळं दुखतं, चादरीची घडी पाठीखाली आली तर ती सुरीसारखी लागते, आणि बोट हलवता येत नाही. कपाळावर माशी बसली तर ती उठेपर्यंत वाट बघायची. हॉस्पिटलातल्या दोन मावशी मला कुशीवर वळवायच्या आणि माझ्या अंगावरून एकमेकींशी बोलायच्या, एकीची सून कशी आळशी आहे ते. एकदा नवीन आलेल्या सिस्टरने विचारलं, हिला कळतं का. मावशी म्हणाली, कसलं कळतंय. मला कळत होतं. तिच्या सुनेचं नावसुद्धा मला अजून पाठ आहे.

तहान सगळ्यात वाईट. नळीतून पोटात पाणी जायचं, पण ते घशाला लागत नाही. जीभ चामड्यासारखी व्हायची. ओला कापूस ओठांवरून फिरवायचे, दिवसातून काही वेळा, सिस्टरला आठवेल तेव्हा. त्या दिवसांत मी नळाचा विचार करायचे. आमच्याच नळाचा. त्या वासाचं पाणी कुणी ग्लासभर दिलं असतं तर मी गटागटा प्यायले असते.

चांगलंही झालं थोडं. एक सिस्टर होत्या, मोठ्या आवाजाच्या, त्या ड्युटीवर आल्या की आधी माझ्या पलंगाशी येऊन वार सांगायच्या. "सुजाता, आज मंगळवार. बाहेर ऊन आहे." बस एवढंच. त्यांची सुट्टी असली की माझा अख्खा दिवस वाराशिवाय जायचा.

प्रदीप रोज यायचा. त्याने अक्षरांचा एक पुठ्ठा केला होता. तो बोट फिरवायचा, पाहिजे त्या अक्षरावर मी डोळे मिटायचे. पहिलं मी विचारलं, यशू. तो म्हणाला, मजेत आहे, शेजारी खेळते. मग मी विचारलं, आई. कारण सगळे येऊन गेले होते, आई आल्या नव्हत्या.

"आईचे गुडघे धरलेत," तो म्हणाला. "जिने चढवत नाहीत."

रोज मी आई विचारायचे आणि रोज तो काहीतरी सांगायचा. आज आईने मेथी केली. आज आईने यशूच्या वेण्या घातल्या. आईने तुझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू करून ठेवलेत, नळी निघाली की खायचे. सांगताना तो पुठ्ठ्याकडे बघायचा. मला वाटायचं, दमलाय.

यशू

महिनाभराने श्वास परत यायला लागला. आधी यंत्र थोडा वेळ बंद ठेवायचे, मग जास्त वेळ. शेवटी गळ्यातली नळी काढली आणि भोकावर पट्टी लावली. बोटं जराशी वाकायला लागली. मला वॉर्डमध्ये आणलं आणि मुलीला भेटायची परवानगी मिळाली.

यशू प्रदीपचा हात धरून आली आणि दाराजवळच थांबली. माझं वजन फार उतरलं होतं, केस कापलेले होते. मी बोलावलं तर माझा आवाज तिला ओळखू आला नाही. मी बोलत होते तशी पट्टीखालून हवा बाहेर येत होती. ती पुढे येईना. प्रदीपने ढकललं तेव्हा दोन पावलं आली आणि म्हणाली, "तू पण मरणारेस का?"

प्रदीपने तिला पटकन उचललं. पण तो "पण" मी ऐकला होता.

मला कुणाला विचारावं लागलं नाही. प्रदीप तिला घेऊन बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा स्टुलावर बसून त्याने सगळं सांगितलं. मला यंत्राला लावलं त्याच आठवड्यात आई गेल्या. जुलाब परत उलटले होते. घरी आण्णा आणि यशूच. तो माझ्यापाशी होता. त्याला फोन गेला तोवर आईंची लघवी बंद झाली होती. दवाखान्यात नेलं, एक दिवस राहिल्या. आम्ही बौद्ध, आमच्यात मुंडण वगैरे काही करत नाहीत, त्यामुळे प्रदीपच्या अंगावर काही खूण नव्हती. सकाळी आईला पोचवून तो त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला होता आणि त्याने मला सांगितलं होतं की आईने मेथी केली.

मला रडायचं होतं. चेहऱ्याची एक बाजू अजून हलत नव्हती, त्यामुळे ते नीट जमलंही नाही. प्रदीप म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, आत्ता नको. धक्का बसेल." मी त्याच्यावर चिडले नाही. पण त्याच्या तोंडची कुठलीही गोष्ट, अगदी टेम्पो बंद पडल्याचीसुद्धा, मी अजून मनात एकदा तपासून घेते. ते आता कायमचं आहे असं वाटतं.

घरी

घरी आले तेव्हा फिल्टर भिंतीवर होता. आईंच्या जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी प्रदीपने खोकं काढून स्वतः बसवला होता. आण्णा ओट्यावर बसून बघत होते, असं त्याने सांगितलं. विधीला आण्णांनीच पेल्यात पाणी ओतलं होतं, पेला भरून ताटात वाहेपर्यंत. ते थांबेनात, तेव्हा भंतेजींनी हळूच त्यांचा हात धरला.

गल्लीतला पाइप तोवर दुरुस्त झाला होता. पाण्याचा नमुना नंतर तपासायला गेला आणि रिपोर्ट चांगला आला. त्यामुळे माझा आजार कशाने झाला हे कागदावर कुठेच नाही. डॉक्टरबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, पाण्याचा संशय दाट आहे, पण खात्रीने सांगता येणार नाही. नातेवाईक आले की म्हणायचे, बघा, रिपोर्ट तर चांगला आला, नशीबच वाईट. एक आत्या तर माझ्यासमोर म्हणाली की सुनेच्या आजारपणात सासूकडे लक्ष राहिलं नाही. मी पलंगावर होते. उठून जाता येत नव्हतं आणि त्यांना उठवता येत नव्हतं.

प्रदीप टेम्पोवर, यशू शाळेत. दिवसभर घरात मी आणि आण्णा. शेजारच्या काकू सकाळी येऊन मला अंघोळ घालायच्या. बाकी सगळं आण्णा करायचे. भाकरी ते थापायचे, जाड आणि कडेला करपलेली. मला गोळ्या काढून द्यायचे. फिजिओथेरपीवाल्याने शिकवलं तसं माझी पावलं धरून मागेपुढे वाकवायचे. सासऱ्याच्या हातात पाय द्यायला मला मरण यायचं, पण ते खिडकीकडे बघत आकडे मोजायचे आणि झालं की हात धुऊन यायचे.

माझा ग्लास ते फिल्टरखाली भरायचे. मग स्वतःचा ग्लास घेऊन बाहेरच्या नळावर जायचे. रोज. मला वाटायचं, माणूस एवढं होऊनही वाकत नाही. त्या काळात मी त्यांचा जितका राग केला तितका आजाराचाही केला नाही.

विचारता म्हणून

लोक विचारतात म्हणून जे सांगते ते इथेही सांगते. पाणी उकळा. उकळलं की नाही ते डोळ्यांनी दिसतं आणि त्याला प्लंबर लागत नाही. फिल्टर घेतलात तर बसवा, आणि त्याची कँडल वेळेवर बदला, नाहीतर तो नुसता भिंतीवरचा डबा आहे. गल्लीत खोदाई झाली की काही दिवस नळाच्या पाण्यावर भरवसा नको. जुलाब थांबल्यावर पायांना मुंग्या आल्या आणि चालताना तोल जायला लागला तर नाचणी खात बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. पेशंट बोलत नसेल तर त्याला वार सांगा. आणि त्याच्या अंगावरून दुसऱ्या कुणाशी बोलू नका.

घरात एकजण नको म्हणत असेल तर काय करायचं, हे मला सांगता येत नाही.

दुपारी

वॉकर घेऊन मी स्वयंपाकघरापर्यंत जायला लागले होते तेव्हाची गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती. आण्णा बाहेरच्या नळावर ग्लास भरून आले आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसले. प्याले नाहीत. ग्लास गुडघ्यावर धरून होते. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"वास मला बी आल्ता. पयल्याच दिशी."

त्यांनी ग्लास दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला.

"तू दवाखान्यात गेलीस, आन् तिला परत लागलं. मी त्या पुड्या आनल्या, जलसंजीवनीच्या. तांब्यात कालवून पाजत हुतो. ती म्हनली, उकळून द्या हो. मी म्हनलं, काय व्हत न्हाई. दोन दिस पाजलं. ती पीत हुती. मी देतोय म्हनून पीत हुती."

बाहेर नळ थेंब थेंब गळत होता. मी विचारलं, प्रदीपला सांगितलंत का. त्यांनी मान हलवली, नाही. मग ग्लास उचलला आणि त्यातून आरपार बघितलं.

"रोज पितो म्या हे. तिला दोन दिसांत न्हेलं. मला धरीत न्हाई."

तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी ज्याला हट्ट म्हणून शिव्या देत होते तो हट्ट नव्हता, त्या पाण्याने आपल्यालाही न्यावं म्हणून ते पीत होते. मला दया यायला हवी होती. आलीही असेल. पण माझे पाय अजून गुडघ्याखाली माझे नव्हते, आणि आई उकळून द्या म्हणाल्या होत्या.

मी म्हणाले, "पाइप दुरुस्त झालाय, आण्णा. ते पाणी आता चांगलं आहे. त्यानं काही होणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ग्लास जमिनीवर ठेवला, माझ्या पायांपाशी खाली बसले, माझं उजवं पाऊल हातात घेतलं आणि मोजायला लागले.